निळे हात

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं बॉलपेन उचललं, फिरवून उघडलं आणि आतली रिफिल काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"हे बघा. शाई गेली, नुसतं पेन उरलं. आम्ही विषाणूचं हेच करतो. आजार करणारं सगळं काढून टाकतो. तुमच्या मुलीत जे जनुक जन्मापासून बिघडलेलं आहे, त्याची चांगली प्रत आत भरतो."

समोर टिल्लीचे आईबाबा बसले होते. टिल्ली पलीकडच्या बंद खोलीत. तिच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी धड तयारच होत नव्हत्या. साधी सर्दीसुद्धा तिच्या जिवावर बेतली असती. त्यामुळे घरी असो की इथे, तिला उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही. आत जायचं ते गाऊन, मास्क आणि निळे हातमोजे चढवून. पोरीने यावरून स्वतःचा एक शोध लावला होता. तिच्या चित्रांत तिचा हात गव्हाळ आणि नखांचा, बाकी सगळ्यांचे निळे, बिननखांचे. माणूस मोठं झालं की हात निळे होतात आणि नखं गळून पडतात, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"माझे कधी निळे होणार?" असं ती सारखं विचारायची. आई "होतील हं" म्हणायची आणि तोंड फिरवायची.

"पण ही प्रत आत पोचते कशी?" बाबांनी विचारलं. ते शाळेची बस चालवत; त्यांना पहिला प्रश्न हाच सुचणार.

डॉक्टरीणबाई एकदम खुलल्या. "तीच तर गंमत आहे! बरेच विषाणू पेशीत शिरतात, धुडगूस घालतात आणि चालते होतात. हा महावस्ताद. याचा मजकूर आरएनएवर लिहिलेला असतो. आत शिरला की त्यावरून हा डीएनए तयार करतो, म्हणजे नेहमीच्या उलट. मग पेशीच्या डीएनएला छेद देऊन आपला तुकडा तिथे बेमालूम बसवून देतो. पेशीला पत्ताच नाही! ती त्याला आपलाच समजून सांभाळते. एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार झाल्या, की सगळ्यांत हा आहेच. इतकी वर्षं बघतेय, अजून थक्क होते मी."

"भलताच पोचलेला दिसतोय," बाबा म्हणाले.

"कोणता विषाणू?" आईने विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"एचआयव्ही. म्हणजे त्याचं नुसतं कवच आणि—"

"एड्सचा?"

"हो, पण—"

"नको." आई उठलीच.

"अगं, ऐकून तरी घे!"

"नको म्हटलं ना!"

ती बाहेर निघून गेली, बाबा आतच राहिले. डॉक्टरीणबाई तिच्यामागे बाहेर आल्या. टिल्लीच्या दाराला वरच्या बाजूला हातभर काच होती. आई तिच्यातून आत बघत होती.

"माझा दादा त्याने गेला," ती म्हणाली. "यांना माहीत नाही. आमच्या घरात कावीळ म्हणून सांगतात. सख्खी माणसं त्याचं ताट पायाने सरकवायची, बाई."

डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा औषधं मिळत नव्हती. आणि हा एकदा आत बसला की निघत नाही."

"मग हिच्यातूनही नाही निघणार?"

"विषाणू उरणार नाही. त्याची वाढायची सोयच आम्ही काढून घेतली आहे. पण त्याने बसवलेला तुकडा राहील. तो राहावा म्हणून तर याला घेतलाय. धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. चुकीच्या जागी बसला तर दुसरं दुखणं उभं राहू शकतं, म्हणून आम्ही पुढची कित्येक वर्षं तपासत राहू. पण इतकं पक्कं काम करणारा मला तरी दुसरा माहीत नाही."

आत टिल्लीने नवं चित्र वर धरलं होतं. आईने काचेवर बोटं टेकवली.

"चिकट मेला!" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "घाला त्याला आत."

टिल्लीच्या अस्थिमज्जेतून पेशी काढल्या. प्रयोगशाळेत रिकामा केलेला तो वस्ताद त्यांच्यात शिरला, काम करून गेला आणि पेशी परत आल्या त्या तळहाताएवढ्या पिशवीतून. "एवढ्याशाच?" असं बाबांनी दोनदा विचारलं. मग वाट बघणं. एकदा ताप चढला तेव्हा दोघांनाही घास गिळवेना. तो उतरला. रक्ताचे आकडे रखडत, रुसत वर चढत गेले. बाहेर थंडी सरून ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी डॉक्टरीणबाई टिल्लीच्या खोलीत शिरल्या त्या हसतच, आणि मोकळ्या हातांनी.

"चला, उद्या घरी. हातमोजे बंद!"

त्या गेल्यावर आईने नेलकटर काढलं. पलंगाच्या काठावर बसून तिने टिल्लीचा हात आपल्या उघड्या हातात घेतला. पोरीने तो झटकन मागे ओढला. मग वाकून आईच्या बोटांकडे बघितलं, एकेक नख दाबून पाहिलं.

"आई, तू परत लहान झालीस?"

"हो गं राणी," आई म्हणाली. "तुझ्या मामाची नखं कापायचे, तेव्हाएवढी."

दाराशी बाबा बॅग भरत होते. सवयीने त्यांनी हातमोजे घातलेलेच होते.

"का गं, त्यांची त्यांना कापता येत नव्हती?"

"हात थरथरायचे त्याचे. आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नव्हतं."

"काविळीला एवढं घाबरायचे?"

आईने टिल्लीच्या अंगठ्याचं नख कापलं.

"कावीळ नव्हती," ती म्हणाली. "जो हिला घरी पाठवतोय ना, तोच होता."

बाबांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या त्या एवढ्याशा बोटांकडे. टॉवेल खाली ठेवून त्यांनी एक हातमोजा ओढून काढला, मग दुसरा, आणि येऊन तिच्या शेजारी बसले. आपला हात त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला.

"आई, बघ, बघ!" टिल्ली ओरडली. "बाबापण लहान झाला!"