पल्लवीच्या टाकीला लागलेली दृष्ट

नल्लकुंट्यातल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चपलांचा असा ढीग पडला होता की लिफ्टमधून बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. पल्लवीच्या हॉलमध्ये शेजारपाजार दाटीवाटीने उभा होता. तिच्या काचेच्या टाकीतले मासे पुन्हा मेले होते, आणि ते का मेले हे सांगायला मलकपेठेहून साक्षात मत्स्येश्वर महाराज आले होते. महाराजांना सोफा अशुद्ध वाटला. एसीसमोरची खुर्ची मात्र चालली.

"मासा मरत नाही, माई! मासा कुर्बान होतो!" महाराजांनी डोळे मिटून सुरुवात केली. "घरावरची बला तो आपल्या अंगावर घेतो. तुम्ही नवे मासे आणले, घरात बरकत आली, अन् ती कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली. बाहेरच्याच्या नक्को समजू. घरच्याच्या!"

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या त्रिवेणीचे कान तापले.

त्रिवेणी या घरची थोरली सून. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची आणि नारायणगुड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. सासरे अप्पाराव तिच्याकडेच असत. संध्याकाळी ती शाळेतून आली की दोघांचा चहा व्हायचा, मग शब्दकोडं, मग भांडण. पण धाकट्या जावेने, पुण्याहून आलेल्या पल्लवीने, ही टाकी आणली आणि अप्पारावांचा चहा समोरच्या दारात गेला. "आमच्या धाकटीची टाकी बघितली का?" असं ते दूधवाल्यालासुद्धा विचारत. त्रिवेणीच्या कोड्याची घरं कोरीच राहू लागली. ती जळत होती, चांगली धगधगून जळत होती. नवे केशरी मासे आले त्या दिवशी तिने काचेजवळ उभं राहून मनात म्हटलं होतं, मरा एकदाचे.

आणि ते मेले. नवे मेले, जुनेही मेले. पल्लवीने पुन्हा आणले, तेही गेले.

महाराजांनी पिवळ्याधमक मंत्रजलाच्या वाट्या मांडल्या. प्रत्येकाच्या बोटाला त्यांनी स्वतः चिमटीने विभूती चोळली आणि ज्याचं त्याने आपल्या वाटीत बोट बुडवायचं असं फर्मावलं. पल्लवीचं पाणी पिवळं राहिलं. अप्पारावांचं पिवळं, खालच्या अलकाबाईंचंही पिवळं. शेवटी त्रिवेणीने बोट बुडवलं आणि वाटीतलं पाणी लालभडक झालं.

"अग्गंबाई!" अलकाबाई किंचाळल्या.

"हीच ती नजर!" महाराज गरजले. "हिला हा उंबरठा ओलांडू देऊ नका. आज मासे गेले. उद्या काय जाईल, ते माझ्या तोंडून नक्को वदवू!"

पल्लवीने मान फिरवली. अप्पारावांनी खाली बघितलं, आणि तेच त्रिवेणीच्या काळजाला लागलं. वाईट म्हणजे तिला स्वतःलाही ते खरं वाटलं. मनात म्हटलं होतंच की आपण. ती दाराकडे वळली आणि डोळे पुसायला पदर उचलला. पदरावर ओल्या बोटाचा लाल डाग पडला होता.

हा डाग तिच्या ओळखीचा होता. वरणाची हळद सांडलेल्या कपड्याला साबण लावला की अस्साच लाल होतो. तिने बोट नाकाशी नेलं. पानाच्या टपरीचा वास आला. चुना!

त्रिवेणी परत फिरली. "महाराज, एक बोट राहिलं. तुमचं."

"माझं? मी तर साधक आहे, माई."

"मग भीती कसली?"

"हौ ना महाराज," अप्पाराव एकदम उठून उभे राहिले. "बुडवा की! आम्ही सगळ्यांनी बुडवलं."

महाराज हात धुवायला मोरीकडे निघाले, तर अलकाबाई वाटेत उभ्या. अप्पारावांनी मनगट धरलं आणि ती चिमटीची बोटं ताज्या वाटीत घातली. पाणी लालभडक झालं.

"अय्यो! म्हणजे नजर ह्यांचीच!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल खदखदून हसला.

"हळदीचं पाणी आहे ते," त्रिवेणी म्हणाली. "माझ्या वेळी विभूती दुसऱ्या पुडीतून काढली, चुना मिसळलेली. हळदीला चुना लागला की लाल होतेच. पल्लवी, ह्यांनी तुला आधी काय विचारलं होतं?"

पल्लवीचा चेहरा उतरला. "फोनवर म्हणाले, टाकी घरात कुणाला आवडत नाही? मी सहज तुमचं नाव घेतलं, ताई."

हे चालू असताना महाराज चपला न घालताच जिना उतरले.

"पण ताई, मासे तर खरंच मेले ना?"

"नवे आणलेस तेव्हा टाकीचं काय केलंस?"

"लख्ख केली! नवं कुणी घरात येणार म्हणून खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून उन्हात वाळवलं. आणि मेल्यावर पुण्याहून माझी आई फोनवर म्हणाली, सुतक आहे, पुन्हा सगळं धुऊन काढ."

त्रिवेणीने कपाळावर हात मारला. दरवर्षी फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढणारी बाई ती, पण हा साधा प्रश्न तिने विचारला नव्हता. मत्सराने तिला मासे मेल्याचा आनंद दिला होता, आणि त्या आनंदाच्या लाजेने तोंड बंद केलं होतं.

"अगं, माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो विषारी. त्या बुळबुळीत स्पंजावरचे जिवाणू तो पचवतात. तू नळाचं क्लोरीन अन् ऊन देऊन त्यांनाच मारलंस, वर मासे वाढवलेस. मेले की पुन्हा धुतलंस."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून तपासणीचे थेंब आणले. टाकीच्या पाण्यात पडताच ते गर्द हिरवे झाले, म्हणजे अमोनिया होताच. नळाच्या पाण्यात पिवळेच राहिले. "हेही रंग बदलणंच," ती म्हणाली, "पण हे तू कर, अप्पांना करू दे, अलकाबाईंना करू दे. सगळ्यांना तेच दिसेल. महाराजांचा रंग फक्त महाराजांच्याच हाताने येतो."

मग तिने शाळेच्या जुन्या टाकीतला एक घाणेरडा, शेवाळलेला स्पंज पिशवीत घालून आणला. थोरल्या जावेची भेट! पल्लवीने नाक मुरडलं, पण फिल्टरमध्ये बसवला. थेंब पिवळे राहू लागल्यावर मोजकेच मासे आले.

अप्पाराव अजूनही चहा टाकीसमोरच घेतात. फक्त आता कप तीन असतात आणि कोडंही तिथेच सुटतं. तरी "आमच्या धाकटीची टाकी" हे शब्द ऐकले की त्रिवेणी पुन्हा धगधगते. मग ती मुद्दाम काचेजवळ जाते, डोळे वटारते आणि मनात पूर्वीसारखंच म्हणते, मरा एकदाचे.

केशरी मासे शेपट्या हलवत दाणे मागायला वर येतात. ज्याला नजरेची भीती वाटते, त्याने संध्याकाळी येऊन बघून जावं.