नाक समुद्राकडे

"ओढा रे! आता नाही तर कधीच नाही!" होडीला खांदा लावून गुडघाभर पाण्यात उभा असलेला कप्तान ओरडला, आणि दोराला लागलेल्यांनी पुन्हा एकदा जोर केला. खोल पाण्यात टाकलेल्या नांगराला कप्पी बांधली होती. तिच्यातून फिरून आलेला दोर किनाऱ्यावरून ओढायचा आणि होडी समुद्राकडे सरकवायची, असा बेत होता.

कप्तान हे टोपणनाव. उभ्या आयुष्यात त्याच्याकडे एकच शिडाची होडी, तीही विटा नि कौलं खाडीपलीकडे पोचवणारी. पण रुबाब असा की लोकांनी पदवी बहाल करून टाकली. वादळाने तीच होडी उचलून बर्फाच्या कारखान्यासमोर, रस्त्याला चिकटून आणून टाकली. अर्धा रस्ता अडला. उद्या सकाळी क्रेनवाले येणार आणि तिचे तुकडे करून नेणार, हे ठरलेलं. रात्रीचं पाणी इथवर चढत नाही, म्हणून आज दुपारची भरती ही शेवटची.

खरं तर परवा पाणी याहून वर चढलं होतं. तेव्हा होडीची मागची बाजू समुद्राकडे होती. तशीच ओढली असती तर काम फत्ते. पण कप्तान आडवा आला. "माझी होडी पाठमोरी पाण्यात जायची नाही. बापानं कधी घातली नाही, मीही घालणार नाही."

"दाजी, समुद्राला तोंड काय नि पाठ काय!" त्याचा मेहुणा सुतार. त्याने अक्षरशः हात जोडले. पण सुंभ जळेल, पीळ कसला जातोय! ती भरती गेली, कालचीही गेली. ओंडके सरकवून, वाळू उपसून होडी फिरवली. नाक समुद्राकडे आलं खरं, पण त्या फिरवाफिरवीत तिचा कणा वाळूत आणखी खोल रुतला.

दोराच्या अगदी पुढे कप्तानाची बायको होती. होडीचं प्रत्येक शीड तिनेच शिवलेलं. सुईने घट्टे पडलेले तिचे तळवे आज सोलून निघाले होते. तिला रडू येत होतं, नवऱ्याचा संतापही येत होता, पण दोन्हीला सवड नव्हती.

एक मोठी लाट आली. होडी कुरकुरली, उचलली गेली, हातभर पुढे सरकली.

"हलली! हलली!" सगळे ओरडले. कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात होडी धप्पकन बसली ती बसलीच.

कप्तान खाली वाकून दोन्ही हातांनी कण्याखालची वाळू उकरू लागला. एक ओंजळ काढावी तर दोन ओंजळी वाळू परत आत येत होती.

"अहो, बाहेर या! कलंडली तर चिरडाल!"

"तू ओढ!"

तिने ओढलं. सगळ्यांनीच ओढलं. सुताराची नजर मात्र कारखान्याच्या भिंतीवर होती. भिंतीवर ओली रेघ उरली होती आणि पाणी तिच्या खाली आलं होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "उतरायला लागलं."

तरी कुणी लगेच दोर सोडला नाही. मग एकेकाने सोडला. जेवणाची वेळ टळून गेली होती; माणसं घराकडे वळली.

कप्तान अजून उकरतच होता. तिने जाऊन त्याचं मनगट धरलं.

"पुरे."

"अजून एक लाट..."

"नाही येणार."

तो वाळूत बसला. म्हणाला, "परवा पाठमोरीच ओढली असती तर..."

"तर गेली असती," ती म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

ती भावाकडे वळली. "पहार नि हातोडी आण. उद्या ते करवतीनं कापतील. आपण फळी फळी सोडवू."

"आणि फळ्यांचं करायचं काय, ताई?"

"ते नंतर बघू. आधी आण."

सुताराने पहार आणून कप्तानापुढे धरली. मालक तो. त्याने ती घेतली, दोन फळ्यांच्या सांध्याला लावली आणि तसाच उभा राहिला. मग पहार बायकोच्या हातात दिली.

तिने अंगाचा सगळा भार टाकला. गंजलेला खिळा किंचाळत बाहेर आला. पहिली फळी सुटली, तेव्हा ती वाळूत पडू नये म्हणून कप्तानाने खालून दोन्ही हात पुढे केले.