बेचाळीस पायऱ्या

“हा इंडियन मरतही नाही आणि बराही होत नाही.”

दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेल्या कैद्यांपैकी कोणीतरी पुटपुटलं. मेनाशे किहीमकर तेव्हा इझिकेल झिराडकरच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होता. दाराची फळी पातळ होती आणि स्टेथोस्कोप अजून गळ्यातच होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. त्याने नळ्या कानांत घातल्या आणि रबरी फुगा भराभर दाबला.

इझिकेल धापा टाकत होता. इंग्रजांनी पोलिसांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत तुरुंगाचा दवाखाना सगळ्यात वर होता. बेचाळीस पायऱ्या. पहारेकऱ्यांची इतकी चणचण होती की एकेका आजाऱ्यामागे रेंगाळायला कोणाला सवड नव्हती. ते कैद्याला “यल्ला, यल्ला” करत जवळजवळ पळवतच वर आणत.

“एकशे पासष्ट,” मेनाशे म्हणाला आणि त्याने कार्डावर आकडा लिहिला.

टेबलापलीकडे डॉक्टर झेलिगनी चष्मा कपाळावर चढवला. “मागच्या वेळेसारखंच?”

“तसंच.”

“मीठ कमी. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू.”

तुरुंगातल्या सुपातून मीठ कमी करायचं तर आधी ते त्यात असायला हवं होतं. पण डॉक्टर रुमानियाचे, सभ्य माणूस. काहीतरी सांगितल्याशिवाय त्यांना सही करवत नसे. त्यांनी सही केली, कोट घातला आणि बस चुकू नये म्हणून ते निघाले. ऑक्टोबरची अरबांशी लढाई संपून चार महिने झाले होते, तरी दुसरे दोन डॉक्टर अजून राखीव सैन्यातून परतले नव्हते. चारशे कैद्यांमागे एक डॉक्टर, आठवड्यातून एक दिवस, तोही दहा माणसांपुरता. मेनाशेच्या जोडीला दोन तरुण होवेश होते, ते एक कालव्याच्या आघाडीवर आणि एक गोलानच्या. होवेश म्हणजे ड्रेसर, कंपाउंडर, नर्स. आणि मंगळवार सोडून उरलेले दिवस, कोणी म्हणत नसलं तरी, डॉक्टर. मेनाशे एकसष्ट वर्षांचा होता.

अमनोन पहारेकरी बाहेरच्या नऊ जणांना खाली न्यायला उठला. दहावा तपासून होईपर्यंत त्यांना ताटकळावं लागे, आणि दहावा नेहमी इझिकेल असे. जाता जाता अमनोन दारात थांबला.

“बारा नंबरच्या खोलीतला रूवेन. तो सुतार. पोट धरून बसतोय. रंग गेलाय त्याचा.”

“पांढरं मिक्श्चर दिलंय की.”

“संपलं.”

मेनाशेने दुसरी बाटली काढली. तिला कागदाची पट्टी कापून चिकटवलेली होती, डोसांच्या खुणांची. ठाण्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं त्याने तेच केलं होतं. इथे बाटल्यांना अशा पट्ट्या कोणी लावत नाही. पण ज्यांना हिब्रू वाचता येत नसे त्यांना त्या बऱ्या पडत, आणि मेनाशेला कात्री चालवायला बरं वाटे.

“पुढच्या मंगळवारी नंबर लावू त्याचा,” तो म्हणाला.

अमनोनने भिंतीवरची दहा नावांची यादी पाहिली. त्याचं बोट वरून खाली आलं, शेवटच्या नावावर क्षणभर थांबलं आणि मग त्याने हात खिशात घातला.

“बरं,” तो म्हणाला.

ते गेल्यावर मेनाशेने स्पिरिटचा दिवा पेटवून चहा ठेवला. दाब बसल्या जागी, विसावा घेतल्यावर पुन्हा मोजावा लागतो, हे खरंच होतं. कोणत्याही पुस्तकात ते सापडलं असतं. त्यासाठी अर्धा तास इझिकेल स्टुलावर बसे. अर्ध्या तासाने पारा एकशे पंचवीसच्या आसपास येई. तो आकडा मेनाशे लिहीत नसे. कार्डावर रकाना एकच होता, आणि त्यात पहिला आकडा आधीच लिहिलेला असे. खोटं म्हणून त्याने काही लिहिलं नव्हतं.

“बिरड्याच्या रोजाचा उपास सुटला की आमच्याकडे वालाच्या बिरड्यात खोबरं वाटून घालायचे,” कप पुढे करत तो म्हणाला.

“वाटून?” इझिकेल हसला. “खवून, काका. वाटून घातलं की त्याचं पिठलं होतं.”

“तुझ्या आईला कोणी शिकवलं असलं?”

“तुमच्याच किहीमच्या एका बाईने. नाव विसरलो. दात पुढे होते तिचे.”

“मग ती किहीमची नव्हे. आमच्याकडच्या बायकांचे दात बघून घे.”

“कुठे बघू? इथे?”

दोघे हसले. झिराड आणि किहीम, दोघांच्या आडनावातली गावं एकमेकांपासून दोन हाकांवर, आणि दोघांपैकी कोणीच तिथे चार दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नव्हतं. त्यावरून त्यांना दीड वर्ष भांडण पुरलं होतं. इझिकेल एकोणिसाव्या वर्षी भायखळ्याहून इथे आला, ओफाकिमच्या कारखान्यात लागला, आणि एका दुपारी त्याने मुकादमाच्या डोक्यात पाना घातला. मुकादम आठ दिवसांनी गेला. सात वर्षांची शिक्षा. त्याविषयी ते बोलत नसत. खोबऱ्याविषयी बोलत.

मराठीत कोणी चिडवलं की माणूस कसा दोन इंच वर येतो, ते मेनाशे दर मंगळवारी इझिकेलच्या तोंडावर बघे. बिचाऱ्याला आपल्याशिवाय आहे कोण, असं त्याच्या मनात येई, आणि तो कपात आणखी अर्धा चमचा साखर टाके.

*

लोदच्या घरात तो पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. त्याची बायको रोझ जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा मसाल्याचा गोल डबा अजून ओट्यावर होता. हळद सोडून सगळ्या वाट्या रिकाम्या. शुक्रवारी, शनिवारचा शब्बाथ लागायच्या आधी, हैफाहून मुलीचा, नुरीतचा फोन येई, शेजारच्या त्सिलाबाईंकडे. त्या भिंतीवर थाप मारत.

“जेवलीस का?” तो विचारी.

“बेसेदेर, अब्बा,” मुलगी म्हणे. सगळं ठीक आहे. मग ती हिब्रूत मुलांच्या शाळेचं, नवऱ्याच्या पलटणीचं भराभर सांगे, आणि तो मराठीत “बरं, बरं” म्हणे. फोन त्सिलाबाईंचा, म्हणून तीन मिनिटांत संपे. मग त्सिलाबाई विचारत, पोरगी काय म्हणते, आणि तो सांगे, सगळं ठीक आहे.

सिनेगॉगमध्ये मराठी होतं, पण ते पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांचं, आणि त्यांचं सगळं बोलून झालेलं होतं. कोणाचा गुडघा, कोणाचं पेन्शन. त्या शब्बाथला मात्र बारूख तळकर म्हणाले, “ओफाकिमच्या झिराडकरांचा तो मुलगा होता बघ. कॅनडाला गेला म्हणतात.”

“चांगलं झालं,” कोणीतरी म्हणालं.

“थंडी फार तिथे,” बारूख म्हणाले, आणि त्यांनी मेनाशेकडे न बघता प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. मेनाशे कुठे नोकरी करतो ते साऱ्या बाकांना ठाऊक होतं.

मेनाशेनेही पुस्तक उघडलं.

*

सोमवारी दुपारी त्याने यादी केली. कोठारात दोघांच्या हातांवर फळी पडली होती, एकाला ताप होता, एकाच्या कानातून पू येत होता. असं करत करत नऊ नावं झाली. दहाव्या ओळीवर पेन्सिल थांबली. रूवेन स्वतः काही बोलत नसे. बोलला असता तर गोष्ट वेगळी. ओरडणाऱ्याचं नाव लवकर लिहिलं जातं. मेनाशेने पेन्सिलीला टोक काढलं. टोक आधीच चांगलं होतं. मग त्याने दहाव्या ओळीवर इझिकेल झिराडकर लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि रेघेखाली लिहिलं: रूवेन, वेळ उरल्यास.

मंगळवारी डॉक्टरांनी यादी पाहिली आणि मान हलवली. “दहा म्हणजे दहा, मेनाशे. साडेबाराची बस गेली तर पुढची तीनला. मला लष्करी इस्पितळात जायचंय. तिथे पोरं पडलीत.”

“हो.”

“आणि मी लिहून दिल्याशिवाय कोणाला बाहेरच्या इस्पितळात पाठवायचं नाही. गेल्या महिन्यात तुम्ही एकाला पाठवलंत, त्याच्याबरोबर दोन पहारेकरी गेले. वरच्या साहेबांनी मला सुनावलं.”

“त्याचं आतडं फुटलं होतं, डॉक्टर.”

“माहीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून तर तुमच्यावरचं मी माझ्यावर घेतलं.”

नऊ जण बारा वाजायच्या आत झाले. दहावा आला नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, फाउंटन पेनचं टोपण लावलं, काढलं. मेनाशेने पट्टा उलगडून पुन्हा गुंडाळला. बाहेर नऊ जण कुरकुरायला लागले. जिन्यावर “यल्ला” ऐकू येईना. पावलं ऐकू येत होती, पण एक, मग बराच वेळ नाही, मग एक.

बारा वाजून दहा मिनिटांनी इझिकेल एकटाच आत आला आणि स्टुलावर बसला. धापा टाकत नव्हता. शर्टाची बाही त्याने आधीच वर सारली होती.

मेनाशेने फुगा दाबला. पारा चढला, उतरला. त्याने पुन्हा दाबला.

“किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक मिनिट,” मेनाशे म्हणाला. एकशे चोवीस. त्याने नळ्या कानांतून काढल्या आणि मराठीत, ओठ फारसे न हलवता विचारलं, “पायऱ्या?”

“सावकाश चढलो.”

“का?”

मेनाशेने दाराकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने आवाज आणखी खाली आणला.

“एकदा खाली जाऊन वर ये. पटकन. मी सांगतो, संडासला गेला म्हणून.”

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आले. इझिकेल हलला नाही. त्याने दुसऱ्या हाताने पट्ट्याचं टोक धरलं, स्वतःच तो सोडवला, नीट गुंडाळला आणि मेनाशेच्या हातात दिला.

“काका, आज मी नको,” तो म्हणाला. “रूवेन बाहेर जिन्यात बसलाय. त्याला खांद्याचा आधार देत आणलं. दर चार पायऱ्यांना बसवावं लागलं. दोन आठवडे त्याला काळं होतंय, डांबरासारखं. आमच्या खोलीत संडास एकच आहे, मला दिसतं.”

“आधी बोलला का नाहीस?”

“तो नको म्हणायचा. आणि,” इझिकेलने बाही खाली ओढली, “मंगळवार मलाही बरा वाटायचा.”

काळं म्हणजे पोटात रक्त, हे मेनाशेला डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती. तो उठला आणि त्याने दार उघडलं. बाहेरचे नऊ जण जिन्याकडे बघत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रूवेन बसला होता, भिंतीला डोकं टेकून, चुन्यासारखा पांढरा. त्याच्या शेजारी, एका हाताने त्याची काख धरून, अमनोन बसला होता. पहारेकऱ्याने कैद्याशेजारी पायरीवर बसायचं नसतं. अमनोनने वर पाहिलं.

तिघांनी मिळून त्याला आत आणून बाकावर निजवलं. डॉक्टर झेलिगनी त्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं, दोन प्रश्न विचारले आणि उभ्या उभ्याच इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. साडेबारा वाजून गेले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. अमनोन चिठ्ठी घेऊन खाली जाऊन फोन करून आला आणि गाडीची वाट बघत दारात थांबला.

डॉक्टरांच्या हातात इझिकेलचं कार्ड होतं.

“हा अकरावा झाला,” ते बाकाकडे बोट करून म्हणाले. “दहावा हा. आज किती?”

“एकशे चोवीस.”

डॉक्टरांनी कार्ड उलटलं, पुन्हा सुलटं केलं. दीड वर्षाचे मंगळवार, एकाखाली एक, मेनाशेच्या बारीक नीटस अक्षरात. एकशे साठ. एकशे पासष्ट. एकशे बासष्ट. त्याखाली प्रत्येक वेळी त्यांची स्वतःची सही. अमनोन छताकडे पाहत होता. इझिकेल आपल्या चपलांकडे.

“पाऱ्याचं यंत्र जुनं आहे,” शेवटी डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. “बिघडलं असेल. मी नवं मागवतो. तसं लिहू या, मेनाशे?”

त्यांनी पेन पुढे केलं. अमनोन लगेच म्हणाला, “जुनंच आहे ते.”

मेनाशेने पेन घेतलं. बाकावर रूवेन कण्हला, आणि इझिकेलने जाऊन त्याचा हात धरला. मेनाशेने पेन टेबलावर ठेवलं.

“यंत्र चांगलं आहे, डॉक्टर,” तो हिब्रूत म्हणाला. हिब्रू त्याला कधी नीट जमली नव्हती, पण हे वाक्य अडखळलं नाही. “इझिकेलला काहीही झालेलं नाही. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून मी त्याला दर मंगळवारी वर बोलावतो.”