दुसऱ्या संचातले हात

पेंग आकोंगांच्या सुनेचा फोन ठेवून युनरूताई पोट धरून हसायला लागली.

"ती विचारतेय, आमचे सासरे नखं कधीपासून रंगवायला लागले?"

चियायी शहरातल्या आमच्या केंद्रात म्हातारी माणसं दिवसभर येऊन बसतात; आजोबांना सगळे आकोंग म्हणतात, आजींना आमा. युनरूताई त्यांना सांभाळते, मी केंद्राची वेबसाइट. घरच्यांसाठी रोज एक पान निघतं. चेहरे दाखवायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून प्रत्येकाच्या नावाखाली फक्त त्याच्या हातांचा फोटो असतो. पेंग आकोंगांच्या नावाखाली मात्र गुलाबी नखांचे हात होते आणि मनगटांभोवती लोकरीची लड.

"आकोंग तर महिनाभर फोटोच काढू देत नाहीत," ताई म्हणाली. "हात खिशात. म्हणतात, हात माझे आहेत, तुमच्या कॉम्प्युटरचे नाहीत."

कारण तेच होतं. पान उघडलं की डेटाबेसला एकच विचारणा जाते आणि उत्तराचे दोन संच एकामागून एक येतात. पहिल्यात सगळ्यांची नावं, बसण्याच्या क्रमाने. दुसऱ्यात त्या दिवशीचे फोटो, त्याच क्रमाने. माझ्या आधी हे काम करणाऱ्याने पहिल्या नावाला पहिला फोटो, दुसऱ्याला दुसरा, अशी सरळ जोडणी केली होती. सगळ्यांचे फोटो असेपर्यंत ती चालली. आकोंगांनी हात खिशात घातले, दुसऱ्या संचातली एक ओळ गेली आणि त्यांच्यापासून पुढचे सगळे फोटो एकेक नाव अलीकडे सरकले. बहुतेक जण कागदाच्या घड्या घालतात. कोणाची घडी कोणाच्या नावावर गेली, हे कळणार कसं?

"म्हणजे ही नखं शेजारच्या त्साय आमांची," ताई म्हणाली. "कालच मी रंगवली की! आणि त्साय आमांच्या नावाखाली..."

त्साय आमांच्या पलीकडे श्यू आमा बसतात. श्यू आमा विणतात.

त्साय आमांची मुलगी शुहुई दूर शिनचूला नोकरी करते. आईच्या हातून विणायच्या सुया सुटल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मुलीचं नावही सुटलं. गेला महिनाभर शुहुई त्या पानाखाली लिहायची, 'आज पाठ पूर्ण झाली!', 'गळ्यापर्यंत आलं!' आम्हाला वाटायचं, ती श्यू आमांच्या हिरव्या स्वेटरचं कौतुक करतेय. परवा मात्र तिनं लिहिलं होतं, 'हात परत आले, आता माझं नावही येईल.' आणि आज दुपारी ती यायची होती.

मी जोडणी बदलली. क्रमाऐवजी प्रत्येक फोटोबरोबर येणारा सभासद क्रमांक नावाशी जुळवला. काम थोडंच होतं. बदललेलं पान मात्र वेबसाइटवर चढवलं नाही. हे तिला फोनच्या पडद्यावरून कळू नये, असं वाटत होतं.

शुहुई आली ती पिशवीत लाल लोकर घेऊन. तिला दारातच गाठून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तो स्वेटर आईचा नाही."

"नाही. श्यू आमांचा."

"मग माझी आई दिवसभर करते तरी काय?"

मी तिला तो फोटो दाखवला. गुलाबी नखं, ताठ धरलेले दोन हात, त्यांच्यावर हिरवी लड.

"ही तर माझी जागा आहे," ती हळूच म्हणाली. "लहानपणी लड मी धरायचे, आई गुंडा करायची. हात दुखून खाली आले की ओरडायची, वर! वर धर!"

आत श्यू आमा विणत होत्या. शुहुईला बघून म्हणाल्या, "ये गं. तुझ्या आईशिवाय माझा गुंडाच होत नाही. या पेंगला धरायला लावलं तर नुसत्या गाठी!"

"म्हणूनच हात खिशात ठेवतो," आकोंग म्हणाले.

मी नवीन पान चढवलं. स्वेटर श्यू आमांच्या नावाखाली गेला. आकोंगांच्या नावाखाली राहिली रिकामी चौकट, त्यांना हवी तशी.

शुहुई आईसमोर स्टूल ओढून बसली. त्साय आमांनी तिच्याकडे ओळखीचं काही नसल्यासारखं पाहिलं. तिनं पिशवीतून लाल लड काढली मात्र, आमांचे हात आपोआप वर आले, नेमक्या अंतरावर. शुहुईनं लड चढवली, टोक शोधलं आणि गुंडाळायला लागली. धागा सुटावा म्हणून आमांचे हात एकदा डावीकडे झुकत, एकदा उजवीकडे. हे त्यांना इथं कोणी शिकवलं नव्हतं.

मधेच धागा थांबला. शुहुई बाहीला डोळे पुसत होती.

"ओढ की," त्साय आमा म्हणाल्या. "दमलीस? मी धरलेत ना हात वर."