मधलं दार

चेरीचं लाकूड उन्हात रापतं हे मला माहीत नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नव्हतं. मिस्त्रींनी सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं.

झोपायच्या खोलीत तीन दारांचं कपाट करायचं होतं. मिस्त्री वयाने साठीचे, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरात येणारे. दुकानात दोन तास उभे राहून त्यांनी व्हिनियरची तीन पानं निवडली. पान म्हणजे पातळ प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. तिन्ही एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेली, म्हणजे एका दारावरची रेघ पुढच्या दारावर चालू राहते. पाठीवर त्यांनी पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घातले. प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला, कोपऱ्यात, दुकानाचं छोटं चौकोनी स्टिकर होतंच.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांनी येतो," ते म्हणाले. "तोवर पानं अशीच एकावर एक, वर चादर. चेरी फार नाजूक. ऊन लागलं की माणसासारखी रापते."

चौथ्या दिवशी मेव्हणे आले. बायकोचे थोरले भाऊ. त्यांना त्यांचं स्वयंपाकघर मिस्त्रींकडूनच करून घ्यायचं होतं, म्हणून लाकूड बघायचं होतं.

"जावईबापू, ट्यूबलाइटखाली काय दाखवताय? उजेडात आणा."

मी दोन नंबरचं पान गॅलरीत नेलं आणि कठड्याला टेकवलं. ते बघून झालं, चहा झाला, मेव्हणे गेले. पान तिथेच राहिलं. नऊ दिवस. गॅलरीत दुपारभर ऊन असतं. दहाव्या दिवशी कपडे वाळत घालायला गेलो तेव्हा दिसलं. गुपचूप उचललं आणि एक आणि तीनच्या मध्ये सरकवून दिलं. मला फारसा फरक वाटला नाही. खरं तर मी नीट बघितलंच नाही.

मिस्त्री आले ते काळा चष्मा लावून. पानं भिंतीला लावली, चष्मा काढला. आधी उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा. पुन्हा उजवा.

"दोन नंबर तांबूस दिसतंय. बाहेर काढलं होतं का कुणी?"

"छे हो. हातसुद्धा लावला नाही."

हे मी का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी दरडावून विचारलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर ते दोन शिव्या हासडून दुसरी पानं आणायला गेले असते.

"मग माझाच डोळा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणालेच होते, थोडे दिवस रंग वेगळे दिसतील. एका डोळ्याने सगळं पिवळं, एका डोळ्याने निळं. चला, तुमच्या डोळ्यावर विश्वास."

पानं दारांवर चढली. कडेच्या पट्ट्या कापून बाजूला पडल्या. पॉलिशचा पहिला हात बसला आणि लपायला जागा उरली नाही. दोन्ही बाजूंची दारं मधाच्या रंगाची, मधलं विटकरीकडे झुकलेलं.

मेव्हणे दारात उभे राहून हसले. "मिस्त्री, मधलं दार लाजलंय का? का डॉक्टरांनी दुसऱ्याचाच डोळा बसवलाय?"

बायको म्हणाली, "दादा, पुरे." पण तीही दाराकडेच बघत होती.

मिस्त्रींनी हातातला पॉलिशचा बोळा डब्याच्या झाकणावर ठेवला, पुन्हा आळीपाळीने डोळे झाकून बघितलं.

"स्वयंपाकघराचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो," मेव्हणे म्हणाले. "राग मानू नका."

"बरोबर आहे तुमचं," मिस्त्री म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो.

महिन्याभराने वॉशिंग मशीन हलायला लागलं. पायाखाली घालायला काही सापडतं का म्हणून कापलेल्या पट्ट्यांची पिशवी उपसली. एका पट्टीवर दुकानाचं स्टिकर होतं, पाठीवर पेन्सिलीचा दोन. नखाने स्टिकर सोललं. खाली फिकट, मधाच्या रंगाचा नेमका चौकोन. बाजूच्या दारांचाच रंग. पट्टी चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती.

पाचव्या दिवशी मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो. एका गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "कापून, जोडून देईन. रंग जुळवायचं काम मी सोडलं. दुसरा माणूस बघा." मागच्या फळीवर रंगाच्या बाटल्या असायच्या. फळी रिकामी होती.

गिऱ्हाईक गेल्यावर मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती दाराशी, उजेडात नेली. एक डोळा झाकला, मग दुसरा. स्टिकरच्या जागेवरून अंगठा फिरवला.

"किती दिवस होतं उन्हात?"

"नऊ."

"म्हणजे दोन्ही डोळ्यांना दिसत होतं ते बरोबर होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

ते स्टुलावर बसले. पट्टी मांडीवर ठेवली.

"दाराचं काही नाही," ते म्हणाले. "कडेची दोन दारं रोज दुपारी उन्हाकडे उघडी ठेवा. मधलं झाका. वर्षभरात ती त्याला गाठतील. पण मेव्हण्यांना फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. मोठ्याने ऐकू येईल असा."

मी लावला. पान गॅलरीत कुणी ठेवलं, किती दिवस, मिस्त्रींनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं क्रमाने सांगितलं. मेव्हणे खो खो हसले.

"अहो, एवढंच ना? मला वाटलं काय झालं! माझी कपाटं लागलीसुद्धा, जावईबापू. सोडून द्या."

मी फोन ठेवला. मिस्त्री उठले, पट्टी रिकाम्या फळीवर उभी केली, फिकट चौकोन बाहेरच्या बाजूला.

"ही राहू दे इथे," ते म्हणाले आणि करवत उचलली.

जायला वळलो तेव्हा चपला सापडेनात. समोरच होत्या.