पार्किंगमधलं तांब्याचं यंत्र

कोथरूडच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्कूटर भिंतीकडे सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या एका लोखंडी पेटीवर खिळले होते. पेटीत इंटरनेटचा स्विच होता, म्हणजे सगळ्या घरांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. आज त्या पेटीला झेंडूचा हार घातला होता.

"सात वाजले! बाधा आली!" उत्तरेश्वर महाराज गरजले. "बघा आपापले मोबाईल!"

सगळ्यांनी बघितले. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. महाराजांनी तांब्याचं यंत्र पेटीवर टेकवलं. "ॐ सिग्नलाय नमः, ॐ कनेक्शनाय नमः!" त्यांचा चेला आमोद, ज्याने या वायरी टाकल्या होत्या, तो उदबत्ती ओवाळत पेटीमागे गेला. क्षणभरात मोबाईल टणाटण वाजू लागले. लोकांनी हात जोडले. त्यात हिंजवडीला कॉम्प्युटरवर पोट भरणारेही होते, हे विशेष.

खांबाला टेकून उभ्या शर्मिला साळवेंच्या मस्तकात तिडीक गेली. त्या लोणी काळभोरच्या कॉलेजात नेटवर्कच शिकवायच्या. दिवाळीत त्या इथे भाड्याने राहायला आल्या आणि त्याच सुमारास रोज संध्याकाळी नेट बंद पडायला लागलं. महाराजांना एवढं पुरलं. दर वेळी दक्षिणा घेऊन टेकवलेल्या यंत्राचा प्रभाव आठवड्यात का उतरतो, असं शर्मिलांनी एकदा विचारलं. तेव्हापासून तर महाराजांना बाधेचं मूळ फारच स्पष्ट दिसू लागलं.

"चौथा मजला. नवं बिऱ्हाड," महाराज डोळे मिटून म्हणाले. "त्या घरात देवघर नाही."

शर्मिलांच्या घरात बुद्धांची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच पुढचं कुणाला बोलावं लागलं नाही. चेअरमन दीनानाथ यांनी घसा साफ केला. "घरमालकांना करार वाढवू नका असं कळवायचं. ठराव मांडतो." शर्मिलांच्या मुलीची, तनयाची, दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि शाळा समोरच्याच गल्लीत.

"मांडा ना," शर्मिला पुढे आल्या. "आधी तुमच्या आईंना फोन लावा. स्पीकरवर."

दीनानाथांच्या आई श्यामलाबाई गुडघ्यांमुळे खाली उतरत नसत. फाटकाजवळच्या गणपतीची सातची आरती याच वायरींमधून घरोघरच्या टीव्हीवर दिसायची, ती त्या एरवी रोज बघत. मागच्याच आठवड्यात त्या शर्मिलांना म्हणाल्या होत्या, "महाराज आले की आठवडाभर माझा गणपती जातो बाई."

दीनानाथांनी फोन लावला. "काकू, आरती दिसतेय?" शर्मिलांनी विचारलं.

"कुठली! पडदा काळा."

"देवाची ऊर्जा यंत्रात उतरली!" महाराज म्हणाले.

"उतरू दे. यंत्र हलवू नका." शर्मिला पेटीमागे वाकल्या. गणपतीसमोरच्या कॅमेऱ्यांकडून येणारी पिवळी वायर उपसून लोंबत ठेवलेली होती. त्यांनी ती खोचली.

"आला गं गणपती!" फोनमधून आवाज आला. खाली सगळ्यांच्या मोबाईलवर चक्र फिरू लागलं. यंत्र जागच्या जागी होतं.

"बाईचा हात लागला!" महाराज ओरडले.

"मग तुम्ही खोचा, महाराज." महाराज जागचे हलले नाहीत. दीनानाथांनीच वायर काढली, नेट आलं. खोचली, नेट गेलं. आमोद जिन्याकडे सरकू लागला.

"तू थांब, पेटीचा पासवर्ड सांग," दीनानाथ खेकसले. त्याने सांगितला.

शर्मिला लॅपटॉप जोडता जोडता बोलत होत्या. "दुधाची पिशवी दाराला टांगलेली असेल त्याच घरी दूध टाकायचं, हे दूधवाल्याला कळतं. या पेटीत तसं गाळणं बंद आहे. आरती मागो न मागो, ही प्रत्येक घरात ओततेय. चार कॅमेऱ्यांचं एवढं चित्र वायफायला झेपत नाही, मग तुमचं काम अडतं. मागेल त्यालाच पाठव, एवढंच सांगायचं." त्यांनी ती सोय चालू केली आणि यंत्र उचलून भाजीच्या पिशवीत टाकलं. मोबाईल वाजले. वरती आरती चालूच होती.

पण काही मिनिटांनी श्यामलाबाई ओरडल्या, "अगं, गेला गणपती!"

"देव रुसला!" महाराजांना हुरूप आला. लोक चुळबुळले.

"देव नाही, मी चुकले," शर्मिला म्हणाल्या. "अजून हवंय का, असं पेटीने मधूनमधून घरोघर विचारावं लागतं. ते चालू करायचं राहिलं. विचारणं थांबलं की कुणालाच नको असं समजून ती पाठवणं बंद करते." त्यांनी तेही चालू केलं. गणपती परत आला आणि या वेळी गेला नाही.

महाराजांनी यंत्र परत मागितलं. "पोलीस चौकीत मागा," असं दीनानाथांनी सांगितलं आणि मग ते शर्मिलांकडे वळले. "मॅडम, ठराव रद्द. झालं गेलं विसरून जा."

"का विसरू?" शर्मिला म्हणाल्या. "वायर आमोदने उपसली, आठवड्याने गुपचूप खोचलीही त्यानेच. माझ्या दाराकडे बोट तुम्ही सगळ्यांनी दाखवलंत. इतके शिकलेले तुम्ही, पेटीच्या मागे एकानेही वाकून बघितलं नाही, कारण दोष माझ्या घरात निघणं तुम्हाला सोयीचं होतं. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं यंत्र ठेवेल. ते उचला. काढून बघा, ठेवून बघा, काय बदलतं ते तपासा. माझंसुद्धा तसंच तपासा. आणि मगच कुणाचं घर उठवायचं ते ठरवा."

फोनचा स्पीकर अजून चालूच होता.

"दीनू," श्यामलाबाई म्हणाल्या, "आरती मी नंतर बघते. आधी त्यांची माफी माग. मला ऐकू येईल अशी."

दीनानाथांनी फोन तोंडाजवळ धरला आणि माफी मागितली.