टाळ्यांनी मंजूर

आंतरराष्ट्रीय चाल-शर्यत महासंघाच्या कार्यकारी मंडळावर बसण्यासाठी जे गुण लागत, त्यांत चालता येणे हा गुण नव्हता. अध्यक्ष इमारती बांधत. एक उपाध्यक्ष निवृत्त जनरल होते. त्यांच्या हुकमावरून पुष्कळ माणसे पुष्कळ अंतर चालली होती, एवढाच त्यांचा या खेळाशी संबंध. दुसरे उपाध्यक्ष सिमेंटचे घाऊक व्यापारी. आपले पद आपल्याला सासऱ्यांकडून मिळाले, हे ते मोठ्या कृतज्ञतेने सांगत. उरलेले सभासद या तिघांपैकी कोणाचे ना कोणाचे स्नेही. मंडळावर कोणी बसावे आणि कोणाला मत असावे हे मंडळानेच ठरवावे, अशी सोय मंडळानेच करून ठेवली होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे वचन इतक्या निर्मळ मनाने आचरणात आणलेले क्वचितच पाहायला मिळते.

खेळाडूंनी निवडून दिलेली खुर्ची एकच. तिच्यावर बदक बसत असे.

चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढे पडणारा गुडघा ताठ लागतो. परिणामी कंबर अशी हेलकावते की रस्त्याकडेची माणसे हसतात. शाळेत असल्यापासून लोक तिला बदक म्हणत हसत राहिले आणि ती पदके जिंकत राहिली. आता ती विद्यापीठात कायद्याचा इतिहास शिकवत असे, आणि सत्ता ही वस्तू बहुधा कंटाळवाण्या नियमांच्या आड झोपलेली असते, हे तिला मंडळावर येण्याआधीच ठाऊक होते.

त्या सकाळच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय होता : खेळाडूंच्या प्रतिनिधीला यापुढे मत नसावे, त्याने केवळ सल्ला द्यावा. पाचवा विषय होता : उन्हाळी अजिंक्यपदाची लांब पल्ल्याची शर्यत गेल्या वर्षीप्रमाणेच भर दुपारी सुरू करावी, कारण त्या वेळी दूरदेशीचे प्रेक्षक टीव्हीसमोर बसलेले असतात. हा क्रम योगायोगाने लागला असे मानणाऱ्याने कोणताही इतिहास वाचू नये.

सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत तिचा फोन वाजला. धाकट्या बहिणीचा.

"ताई, झाली का गं सभा?"

"सुरू व्हायचीय अजून. सराव सोडून फोन कसला करतेस?"

"सराव झाला. मला सांग, तुमच्या मंडळातले लोक कधी चालतात का?"

"चालतात की. लिफ्टपासून खुर्चीपर्यंत."

"बरं, ऐक. दुपारची ठेवली तरी मी उतरणार हां. आधीच सांगून ठेवते."

"गेल्या वर्षी उतरलीस, आणि उचलून आणावं लागलं."

"मग काय झालं? उचलणाऱ्यांचाही सराव झाला."

बदक हसली नाही. गेल्या वर्षी वितळत्या डांबरावर धाकटी कोसळली, तेव्हा डॉक्टरांनी तिची मूत्रपिंडे थोडक्यात वाचवली होती, आणि पुन्हा असे झाले तर आमच्या हातात काही राहणार नाही, असे बजावले होते. धाकटीला ते सांगून उपयोग नव्हता. ती ऐकणाऱ्यांतली नव्हती. शर्यतीची वेळ बदलणे त्याहून सोपे होते.

"तुझं मत काढून घेणार म्हणे आज," धाकटी म्हणाली. या वेळी थट्टेचा सूर नव्हता.

"घेणार नाहीत."

"एवढी खात्री?"

"मी ओळखते ना त्यांना. ते कधीच कोणाचं ऐकत नाहीत."

"अगं, मग हे वाईटच की!"

"आज चांगलं आहे," बदक म्हणाली आणि आत गेली.

मंडळात हात वर करून मतदान होत नसे. हात वर झाले की कोणाचा झाला नाही हेही दिसते, आणि इतका उजेड कोणालाच सोसणारा नव्हता. म्हणून महासचिवांनी एक नियम रचला होता. हे गृहस्थ पगारी वकील. त्यांना मत नव्हते, पण इतरांची मते घडवण्याचा त्यांना अनुभव होता. कोणत्याही सभासदाने ठराव मांडावा, टाळ्या पडाव्यात, आणि टाळ्या थांबेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर ठराव एकमताने मंजूर समजावा. अंदाजपत्रके टाळ्यांनी संमत होत, यजमान शहरे टाळ्यांनी ठरत. अध्यक्षांची तिसरी कारकीर्दसुद्धा टाळ्यांनीच सुरू झाली होती. जुन्या ग्रंथकारांनी याला गड्डरिकाप्रवाह म्हटले असते : पहिले मेंढरू जिकडे वळले, तिकडे उरलेला कळप.

चौथा विषय येण्याआधीच अध्यक्षांनी बदकाचा सत्कार उरकायला घेतला. माणसाला आधी हार घालावा आणि मग कापावे, ही रीत फार प्राचीन आहे. "मॅडमसारख्या मार्गदर्शक आम्हाला लाभल्या, हे आमचं भाग्य," असे म्हणून त्यांनी तिच्या हातात काचेचे एक पाऊल ठेवले. "दोन शब्द बोला आता. पण दोनच हं!"

सगळे हसले. जनरलसाहेब फोनवर काहीतरी वाचू लागले. सिमेंटवाल्यांनी डोळे मिटले.

बदक उभी राहिली आणि वर्गाच्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अध्यक्षमहाशय, सभासदहो, मी ठराव मांडते. खेळाडूंच्या प्रतिनिधीचं मत कायम राहील. खेळाडूंनी स्वतः मतदान केल्याशिवाय ते कोणालाही काढता येणार नाही. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय या ठरावानं निकाली निघाला. धन्यवाद."

तिने एकही शब्द गिळला नव्हता की घाई केली नव्हती. मंडळींच्या कानांपर्यंत मात्र शेवटचा शब्द तेवढा पोचला. जनरलसाहेबांनी पहिली टाळी वाजवली. सिमेंटवाले दचकून जागे झाले आणि भरपाई म्हणून उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अध्यक्ष तर हसतमुखाने सर्वांत शेवटी थांबले.

"महासचिव, नोंद घ्या," बदक म्हणाली.

"कसली नोंद?" अध्यक्षांनी विचारले.

महासचिवांचा चेहरा उतरला होता. खोलीत ऐकणे हे काम एकट्या त्यांचेच होते. "साहेब, ठराव मंजूर झाला."

"कुठला?"

"बाईंनी आत्ता मांडला तो. मत कायम ठेवण्याचा."

"अहो, त्या निरोपाच्या टाळ्या होत्या!"

"टाळ्यांचे प्रकार नियमात नाहीत, साहेब."

"मग घाला की!"

"मी तर बुवा शिष्टाचार म्हणून वाजवल्या," जनरलसाहेब म्हणाले.

"तुमच्या तिसऱ्या कारकिर्दीला मीही शिष्टाचार म्हणूनच वाजवल्या होत्या, अध्यक्ष," बदक शांतपणे म्हणाली. "तशा टाळ्या धरायच्या नसतील तर माझी हरकत नाही. मग त्या खुर्चीवर सध्या कोण बसलंय, तेवढं आधी ठरवू."

सिमेंटवाल्यांनी आपली खुर्ची अध्यक्षांच्या जवळ सरकवली.

"साहेब, जाऊ द्या," सिमेंटवाले हळूच म्हणाले. "हे उकरत गेलं ना, तर माझ्या सासऱ्यांपर्यंत जाईल."

अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्यांनी पाचवा विषय पुकारला. आता टाळीसाठी हात उचलण्याची कोणाची छाती होईना. नाइलाजाने ते म्हणाले, "हात वर करूनच घ्या काय ते."

"त्याआधी एक सांगते," बदक म्हणाली. "माझी सख्खी बहीण ही शर्यत चालते. नंतर कोणी शोध लावायला नको. गेल्या वर्षी ती पडली, आणि ती एकटीच पडली नव्हती. शर्यत पहाटे ठेवा, एवढंच माझं म्हणणं. ती पडली तेव्हा तुम्ही सगळे छताखाली होतात."

"छताखाली कुठले!" सिमेंटवाले उसळले. "पदकं द्यायला मला उन्हात उभं केलं होतं. कोटाच्या आत शिजलो मी अक्षरशः."

"आम्ही सैनिकांनाही भर दुपारी चालवत नसू," जनरलसाहेब पुटपुटले. "जीव जातात."

"मग गेल्या वर्षी टाळ्या का वाजवल्यात?"

जनरलसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सगळे वाजवत होते."

हात वर झाले. कोण कोणाचा स्नेही आहे हे पहिल्यांदाच खुर्च्यांच्या रांगेत स्पष्ट दिसले, आणि ते अध्यक्षांच्या समजुतीशी जुळत नव्हते. पहाटेची वेळ एका मताच्या फरकाने मंजूर झाली. ते एक मत कोणाचे, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बाहेर येऊन तिने धाकटीला फोन लावला.

"पहाटे?" धाकटी किंचाळली. "किती पहाटे?"

"सूर्य वर यायच्या आत निम्मं अंतर संपलं पाहिजे, इतक्या."

"ताई! मला लवकर उठवत नाही हे जन्मापासून माहीत आहे ना तुला? परत आत जा आणि बघ काही बदलता येतंय का."

"आता नाही यायचं. हात वर करून झालंय."

"मग विरोधात कोण होते त्यांची नावं दे. मी त्यांना पाठिंबा देते."

"देईन हं," बदक म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली. "आधी आजपासून लवकर झोपायला लाग."